तांबूचं ऑपरेशन करावं की नको? वेंगुर्ल्याच्या ताईंना उत्तर

वेंगुर्ल्याजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात दहा महिन्यांची गावठी कुत्री आहे, तांबू. चतुर्थीच्या आठवडाभर आधी ती पहिल्यांदा माजावर आली. मनी नावाची मांजर आहे, तिचं वर्षभरातलं हे तिसरं वेत, चार पिल्लं अजून अंगावर पितायत. गणपतीला आलेला मुलगा म्हणाला, दोघींचं ऑपरेशन करून टाका. सासूबाई म्हणतात, एकदा तरी पिल्लं होऊ देत, मुक्या जनावराचा शाप नको. आणि ‘हे’ म्हणतात, ऑपरेशन केलं की कुत्री लठ्ठ होऊन खळ्यात लोळत राहील, मग राखण कोण करणार? तर खरं काय, आणि करायचं झालं तर कधी?

ताई, आधी थोडक्यात सांगतो. दोघींचं करा. मनीचं आधी, पिल्लं दुधावरून सुटली की लगेच. तांबूचं आत्ता नको, मार्गशीर्षात करू. तोवर तिच्यावर लक्ष ठेवायचंय, ते कसं ते पुढे येईलच.

आपल्याकडे ‘नसबंदी’ म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं की माणसांसारखी एखादी नळी बांधतात आणि सोडतात. तसं नाही. मादीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढून टाकतो. नराचे दोन्ही वृषण काढतो. म्हणजे पिल्लं तर थांबतातच, पण माज आणणारी संप्रेरकंही थांबतात. ऑपरेशनचे जे काही फायदे-तोटे आहेत ते बहुतेक या दुसऱ्या गोष्टीतून येतात. नुसती नळी बांधली असती तर तांबू दर वर्षी माजावर आलीच असती, दहा कुत्रे खळ्यात जमलेच असते आणि गर्भाशयाचा आजारही व्हायचा तो झालाच असता.

त्या आजाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मादीचं ऑपरेशन करा म्हणण्याचं माझं पहिलं कारण तेच आहे. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं. कुत्री माजावर येऊन गेली की गाभण असो-नसो, तिचं शरीर पुढचे दोन महिने गाभण असल्यासारखंच वागतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्याचं तोंड मिटतं, आतली प्रतिकारशक्ती मंदावते. माजाच्या वेळी आत शिरलेले जंतू अशा उबदार जागी वाढतात. दर माजागणिक अस्तर आणखी बिघडत जातं, म्हणून मधल्या आणि उतारवयात हे जास्त दिसतं. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा, की ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांपैकी साधारण चारातल्या एकीला दहाव्या वर्षाच्या आत हा आजार होतो. चारात एक!

माझ्याकडे येणारी पायोमेट्राची कुत्री बहुतेकदा अशी असते: आठ-नऊ वर्षांची, घरात वाढलेली, लाडाची. महिना-दीड महिन्यापूर्वी माजावर येऊन गेलेली. घरचे सांगतात, ‘हल्ली पाणी फार पिते, शुगर झालीय का बघा.’ जेवण बंद, एखादी उलटी, पोट थोडं मोठं. कधी मागून घाण वासाचा स्राव येतो, म्हणजे तोंड उघडं आहे, निदान कळतं तरी. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि आत पोत्यासारखं गर्भाशय पुवाने भरत जातं. दोन वर्षांपूर्वी मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका जोडप्याची पामेरियन अशीच आली. जेमतेम आठ किलोची कुत्री, तिचं काढलेलं गर्भाशय काट्यावर ठेवलं तर किलोच्या वर भरलं. ती वाचली. त्याच पावसात आलेली दुसरी वाचली नाही, कारण ती चार दिवस ‘पित्त झालंय’ म्हणून घरीच होती आणि आली तेव्हा तिच्या किडन्यांनी हात टेकले होते. जे ऑपरेशन तरुणपणी निरोगी अंगावर अर्ध्या-पाऊण तासात होतं, तेच तेव्हा मरणाच्या दारात, सलाइन लावून करावं लागतं.

दुसरं कारण स्तनांच्या गाठी. इथे मी जरा जपून बोलतो. १९६९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचे आकडे सगळीकडे फिरतात: ऑपरेशन न केलेल्या कुत्रीचा धोका शंभर धरला, तर पहिल्या माजाआधी केलेल्या कुत्रीचा शंभरात फक्त अर्धा (०.५), एका माजानंतर केल्यास आठ, दोन माजांनंतर सव्वीस. पुढे काही अभ्यासकांनी हा पुरावा कच्चा आहे असं म्हटलं. त्यामुळे त्या नेमक्या आकड्यांवर मी पैज लावत नाही. पण लवकर केलेल्या कुत्रीच्या स्तनात मोठ्या गाठी मी क्वचितच पाहिल्यात, आणि बारा वर्षांच्या, न केलेल्या कुत्र्यांमध्ये इतक्या पाहिल्यात की मोजणं सोडलं. मांजरीच्या बाबतीत तर चर्चाच नको. कुत्रीच्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या निघतात, मांजरीच्या मात्र दहातल्या आठ-नऊ कर्करोगाच्या असतात. मांजरीचं वर्षाच्या आत ऑपरेशन केलं तर हा धोका फार मोठ्या प्रमाणात कमी होतो.

आता सासूबाईंचा मुद्दा. मी त्यांची थट्टा करणार नाही, कारण माझी आजीही हेच म्हणायची. माझ्या टेबलासमोर उभं राहून कितीतरी आज्यांनी सांगितलंय, ‘डॉक्टरांनू, एकदा तरी तिका पिलां होव देत, मगे काय ता करा.’ त्यामागे माया आहे. पण एकदा पिल्लं झाल्याने कुत्रीच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. तिला ‘आई व्हायचंय’ असं काही मनात नसतं, माज उतरला की तो विषय तिच्यापुरता संपतो. सासूबाईंना एकच विचारा: पाच-सहा पिल्लं होतील, त्यातले नर लोक नेतील, माद्यांचं काय करायचं?

कारण त्यांचं काय होतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पोत्यात घालून खाडीपलीकडे. एसटी स्टँडच्या मागे. मासळी बाजाराजवळ, ‘तिथे खायला मिळेल’ म्हणून. मांजरीची पिल्लं तर सर्रास बंदरावर सोडतात. आणि एखाद्या कुत्रीपासून काही वर्षांत हजारो पिल्लं होतात असे जे हिशेब व्हॉट्सअॅपवर फिरतात ते फक्त कागदावरचे आहेत, एवढी पिल्लं जगतच नाहीत. पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांची साडेतीनशेहून जास्त पिल्लं जन्मापासून नजरेखाली ठेवून एक अभ्यास झाला. वयात येईपर्यंत पाचातलं जेमतेम एक जगलं, आणि बरीचशी माणसांमुळेच मेली. गाडीखाली, मारून, उचलून नेऊन.

आपल्या कोकणात हे जास्त लागू पडतं असं मला वाटतं. मुंबईच्या फ्लॅटमधला कुत्रा पट्ट्याला बांधून खाली जातो आणि वर येतो. आपला कुत्रा ‘पाळलेला’ म्हणजे काय? दुपारी पडवीत झोपतो, रात्री पेज-भात खाऊन सुटतो, पहाटे कुणाच्या परसात असतो ते त्यालाच ठाऊक. गेट नाही, कुंपण निवडुंगाचं किंवा चिऱ्याच्या गडग्याचं, त्याला दहा खिंडारं. पाळीव आणि मोकाट यांच्यात आपल्याकडे रेघच नाही. त्यामुळे रस्त्यावरची कुत्री वाढली म्हणून ग्रामपंचायतीकडे तक्रार करणाऱ्याचाच कुत्रा बऱ्याचदा त्या वाढीला हातभार लावत असतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत: पकडायचं, ऑपरेशन आणि लस करायची, कानाला खाच मारायची, पुन्हा त्याच जागी सोडायचं. पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मात्र मालकाची.

आता ‘ह्यां’च्या राखणीकडे येऊ. हा प्रश्न मला सर्वांत जास्त बागायतदार विचारतात. देवगडकडचे एक काका दर सीझनला यायचे, ‘हेका कापलास तर माझी बाग कोण राखतलो?’ राखण ही कुत्र्याची जागेशी बांधिलकी आहे. आपली जागा, आपली माणसं, परका वास आला की भुंकायचं. ते वृषणांतून येत नाही. कुत्र्या तर माजावर नसतानाही उत्तम राखण करतातच ना? बदलतं ते वेगळंच. भादव्यात नर चार-चार दिवस घर सोडून जातो. ‘भाद्रपदातली कुत्री’ आपण शिवीसारखं म्हणतो, पण ते नेमकं निरीक्षण आहे, आपल्या गावठी कुत्र्यांचा मुख्य माज पावसाच्या शेवटी येतो. त्या दिवसांत बागेचा राखणदार बागेत नसतोच. तो तिसऱ्या वाडीत भांडत असतो, महामार्ग ओलांडत असतो, किंवा रात्री एकटा फिरताना बिबट्याच्या वाटेत येतो. दर वर्षी या महिन्यांत कान फाटलेले, पाय तुटलेले नर माझ्याकडे येतात आणि काही येतच नाहीत. ऑपरेशन केलेला नर घरी टिकतो. शेवटी त्या काकांनी केलं. पुढच्या सीझनला आंब्याची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, आता रात्रीचा बागेतच असतो. (पेटीत तीन आंबे डागी होते, ते सोडा.)

नर सुटून फिरण्याचा आणखी एक त्रास लोकांना माहीत नसतो. ‘कुत्र्याला उन्हाळी लागलीय, लघवीतून रक्त येतंय’ म्हणून आणतात. बघतो तर लिंगावर फुलकोबीसारखी लाल, रक्ताळलेली गाठ. हा संगातून पसरणारा कर्करोग आहे, एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्यावर अक्षरशः रुजतात. मोकळ्या कुत्र्यांच्या आपल्या देशात तो भरपूर आहे. सुदैवाने बरा होतो, पण त्यासाठी व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक, चार ते सहा आठवडे, तेही नेमकं शिरेतच, कारण शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. संगच नाही तर हा आजार सहसा नाही. म्हाताऱ्या नरांत प्रोस्टेट सुजणं आणि वृषणाच्या गाठी यांनाही ऑपरेशनमुळे आळा बसतो. एखाद्या नराचा एक वृषण खाली उतरलेलाच नसेल तर ते ऑपरेशन टाळू नका, पोटात अडकलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता कितीतरी पट जास्त असते.

विषय निघालाच आहे म्हणून: कुत्रा-कुत्री अडकलेली दिसली की पोरं पाणी ओततात, काठीने मारतात. करू नका, करू देऊ नका. ती जोडी पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. ओढाताण केली तर दोघांना इजा होते आणि गर्भ राहायचा तो राहतोच.

ऑपरेशनने काय होत नाही तेही सांगायला हवं. चावरा कुत्रा गरीब होत नाही. माजावरच्या मादीवरून होणारी भांडणं कमी होतात, पण जो भीतीने चावतो तो चावतच राहतो, कधी थोडा जास्त बुजरा होतो. रेबीज ऑपरेशनने थांबत नाही, लसीने थांबतो. आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. तांबूची लस चुकली असेल तर ऑपरेशनची वाट बघू नका, ती आधी द्या.

तोटे. लठ्ठपणाबद्दल ‘ह्यां’चं अर्धं बरोबर आहे. ऑपरेशननंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. तोच टोपभर भात घातला तर कुत्री फुगणारच. भात कमी करा, मासळीचं डोकं, अंडं चालेल. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत काहींना उतारवयात झोपेत लघवी गळते, त्यावर औषध आहे. आणि लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींचं फार लवकर केलं तर सांध्यांच्या तक्रारी वाढतात असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून त्यांचं मी वर्ष पूर्ण झाल्याशिवाय करत नाही, शेफर्डचं दोन वर्षांच्या आसपास. गावठी कुत्रीला ही अडचण नाही. सहा महिन्यांची झाली की पहिल्या माजाआधी करणं उत्तम होतं, तुमची ती वेळ गेली, पण फार काही बिघडलेलं नाही.

भुलीची भीती सगळ्यांनाच असते. ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येवर केलेल्या पाहणीत निरोगी कुत्र्यांत भुलीशी संबंधित मृत्यू दोन हजारांत एक आणि मांजरांत हजारात एक असा निघाला होता. आपल्याकडची खरी मेख वेगळी आहे: गोचिड. आपल्या दमट हवेत गोचिडाचा ताप इतका पसरलाय, की वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्रीच्या रक्तातले प्लेटलेट निम्म्याहून कमी असू शकतात. असं जनावर टेबलावर घेतलं की टाक्याटाक्यातून रक्त झिरपतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय मी मादीला हात लावत नाही. तुम्ही कुठेही करा, डॉक्टरांना विचारा की रक्त तपासणार का. ‘गरज नाही’ म्हणाले तर दुसरीकडे जा.

आणि एक विनंती. ‘ऑपरेशन नको, माज न येण्याचं इंजेक्शन द्या’ किंवा मेडिकलमधून बायकांच्या गोळ्या आणून भाकरीत घालू का, असं विचारणारे अजून भेटतात. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं, म्हणजे गाभणपण टिकवणारं संप्रेरक असतं, आणि तेच पायोमेट्राला आणि स्तनाच्या गाठींना खतपाणी घालतं. स्वस्तात सुटायला जाऊन तोच आजार विकत घ्यायचा.

मांजरीचं गणित कुत्रीपेक्षा कठीण आहे. कुत्री वर्षात एक-दोनदा माजावर येते. मांजर आपल्या हवेत जवळजवळ वर्षभर, गर्भ राहीपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी येते. कधी चार-पाच महिन्यांच्या भाटीलाही, म्हणजे मादीलाही, गर्भ राहतो. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मनीचं तिसरं वेत कसं झालं ते यात आलं. म्हणून पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन खाऊ लागली की ती हळूहळू वेगळी करा, दोनेक आठवड्यांत दूध आटतं, मग ऑपरेशन. तेवढे दिवस मनीला घरात कोंडा. ओरडेल, ओरडू दे. वाडीतल्या बोक्याला तिचा पत्ता पाठ आहे.

बोक्याचंही करून घेतलं तर भिंतीवर मुतण्याची घाण दहातल्या नऊ बोक्यांत थांबते किंवा खूपच कमी होते. भांडणातून होणारे पुवाचे फोड आणि चावण्यातून पसरणारा मांजरांचा एड्ससारखा विषाणूही त्यामुळे बऱ्याच अंशी टळतो. फक्त ऑपरेशननंतर सुका कोरडा खाऊच घालत बसू नका, बोक्याला पाणी पोटात जायला हवं. बोका मुतायला बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आता तांबू. ती माजावर असताना बांधलेली होती की सुटलेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सुटली असेल तर गाभण असणार असंच धरा. संग झाल्यापासून महिनाभराने सोनोग्राफीत कळतं. गाभण असेल आणि पिल्लं नको असतील तर सुरुवातीच्या दिवसांत गाभणपणीही ऑपरेशन करता येतं, तो निर्णय तुमचा, मी आग्रह करणार नाही. गाभण नसेल तर माज संपल्यावर अडीच-तीन महिने थांबतो, कारण तोवर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. मधे दोन महिन्यांच्या सुमारास तिला दूध येईल, तुमच्या चपला कोपऱ्यात नेऊन त्यांच्यावर बसेल. घाबरू नका, खोटं गाभण म्हणतात त्याला, ओसरतं. पण या काळात फार पाणी पिऊ लागली, जेवण सोडलं, मागून वास येऊ लागला, तर मार्गशीर्षाची वाट बघायची नाही.

मार्गशीर्ष म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. पाऊस गेलेला असतो. ओल्या जमिनीवर लोळलेल्या जखमेत अळ्या पडायला आपल्याकडे दोन दिवस पुरतात. आदल्या रात्री दहानंतर खायला नाही, पाणी सकाळपर्यंत चालेल. घरी आणल्यावर पहिली रात्र कोरड्या जागी, पडवीत नको, घरात. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन मिळतो, तांबू तो खांबावर आपटून फोडेल. त्यापेक्षा ‘ह्यां’चा जुना बनियन मागून-पुढून पाय घालून नेसवा आणि पाठीवर गाठ मारा, शूसाठी सोडा, पुन्हा बांधा. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन-कॉम्बिफ्लाम काही देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही जीव घेते. दहाव्या दिवशी टाके काढायचे.

आणि मनीच्या चार पिल्लांतली जी घरी किंवा शेजारी राहणार असतील त्यांत बोके किती, भाट्या किती ते आत्ताच बघून ठेवा. पांढरं-काळं-तांबडं असं तिरंगी असेल ते भाटीच समजा. चार-साडेचार महिन्यांची झाली की त्यांनाही घेऊन या.